मारिओला रमीच्या पंगतीत बसवू नका

मारिओ आणि रमीचं अ‍ॅप एकाच वाक्यात कोंबणाऱ्या सगळ्या पालकांसाठी, शिक्षकांसाठी आणि माइक दिसला की समाजप्रबोधन सुरू करणाऱ्या वक्त्यांसाठी ही पोस्ट आहे. लांब आहे. घाई असेल तर पुढं सरका, राग नाही.

परवा बातमीसाठी एका शाळेच्या पालकसभेत बसलो होतो. शाळेचं नाव सांगत नाही, कारण असं भाषण सगळ्याच शाळांत होतं. वक्ते म्हणाले, "गेमिंगनं पिढी बरबाद केली. आधी व्हिडिओ गेमचे पार्लर होते, आता ऑनलाइन जुगार आहे. रोग तोच, फक्त मोबाईलमध्ये आला." टाळ्या पडल्या. आया-बापांनी माना डोलावल्या. शेजारी बसलेल्या एका गृहस्थानं मला कोपरानं ढोसून "बरोबर बोलून राहिले ना भाऊ?" असं विचारलंसुद्धा.

नाही भाऊ. साफ चूक बोलून राहिले. आणि ही चूक कोणाच्या फायद्याची आहे ते सांगायलाच एवढं लिहायला बसलोय.

आधी पार्लरचं बोलू, कारण त्यावर बोलणाऱ्या बहुतेकांनी आत पाऊलच टाकलेलं नसतं. नव्वदीच्या दशकात नागपुरात बर्डी, सदर, महाल, कुठंही जा, एखाद्या बोळीत अंधारी खोली असायची. आत चार-पाच लाकडी खोकी, प्रत्येकात एक पडदा, खाली दांडा आणि बटणं. गल्ल्यावरच्या माणसाकडून रुपयाला एक कॉइन घ्यायचं, फटीत टाकायचं. हरलात की पडद्यावर दहापासून उलटी मोजणी सुरू, आणि शून्य आलं की 'गेम ओव्हर'. उठा, घरी जा. खिशात पाच रुपये असतील तर त्या दिवशीचं जास्तीत जास्त नुकसान पाच रुपये. मशीन उधारी देत नव्हतं, रात्री दोन वाजता "परत या, तुमच्यासाठी बोनस आहे" असा मेसेज पाठवत नव्हतं.

त्या खोकांमधला आमचा राजा होता 'मुस्तफा'. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ साली काढलेला, एका अमेरिकन कॉमिकवर आधारलेला. पण पिवळ्या टोपीचा मुस्तफा सगळ्यांना आवडायचा म्हणून अख्ख्या गेमचं नावच मुस्तफा पडलं. बाबरी पाडल्यानंतरची ती वर्षं आठवा, बाहेर हवा काय होती ते आठवा. आणि आत तीन जानवेवाले पोट्टे "मुस्तफा मी घेणार" म्हणून भांडत होते. याच्यावर कोणी पीएच.डी. केली नाही अजून. असो.

मुस्तफाची गंमत अशी की तो शिकता येत होता. कोणता गुंड कुठून येतो, कोणता ड्रम फोडला की खायला निघतं, मोठा सैतान उडी मारण्याआधी काय हालचाल करतो, हे सगळं ठरलेलं होतं. महिनाभर बघितलं की पाठ व्हायचं. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत मरणारा पोट्टा दिवाळीपर्यंत एका कॉइनवर अर्धा-पाऊण तास काढायचा. आणि पार्लरवाल्याच्या पोटात दुखायचं! "एका कॉइनात दिवस काढतं का बे? ऊठ, बाकीचे उभे हायेत." हे वाक्य ज्यानं ऐकलं तो त्या गल्लीतला विद्वान. काही मालक मग मशीन उघडून आतले छोटे स्विच बदलायचे, गेम जास्त कठीण करायचे. तशी सोय त्या सर्किट बोर्डातच असायची. पोट्टे तेही शिकून घ्यायचे.

आता हा व्यवहार नीट बघा. खेळणारा जितका हुशार होईल तितका मालकाचा धंदा कमी. हुशारीचा फायदा खेळणाऱ्याच्या खिशात. पैसे लावायच्या अ‍ॅपमध्ये उलटं आहे. तिथं प्रत्येक डावातून कंपनी आपली टक्केवारी आधी काढून घेते, तुम्ही जिंका की हरा. तुमची हुशारी तिच्या उत्पन्नाला धक्का लावत नाही. तुम्ही टेबलावर बसून राहिलात एवढंच तिला पुरतं.

पार्लर म्हणजे देऊळ होतं असं मी म्हणत नाही. आत सिगारेटचा धूर असायचा, शाळा बुडायच्या, आईच्या डब्यातले सुटे पैसे गायब व्हायचे. पोरींना तर आत यायची सोयच नव्हती, आणि हे आमच्यापैकी कोणाला खटकतही नव्हतं. कॉइन गिळण्यासाठीच ते गेम कठीण बनवलेले असायचे, हेही खरं. पण रुपया गिळणं आणि घर गिळणं यात फरक आहे की नाही?

घरच्या मशीनवर तर तोही रुपया लागत नव्हता. जपानच्या निन्टेन्डोनं १९८३ साली फॅमिकॉम आणला, त्याच्या नकला आपल्याकडं सामुराई, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी आल्या. गल्लीत एकाकडं असायचं आणि वीसजण त्याचे जिगरी दोस्त असायचे. कॅसेटवर लिहिलेलं '९९९९ इन १', आत मोजून आठ-दहा गेम, बाकी तेच नाव बदलून. (फसवणूक म्हणाल तर एवढी. आणि तिच्यावर आम्ही हसायचो.) कॅसेट चालली नाही की काढायची, जोरात फुंकर मारायची, परत लावायची. फुंकरीनं काही होत नव्हतं, परत लावल्यानं पिना नीट बसायच्या. पण ते सांगून कोणाच्या श्रद्धेला धक्का लावायचा?

'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ चा. अख्खा गेम ४० केबीत बसवलेला. तुम्ही सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर टाकता तो गुलाबाचा फोटो त्याच्यापेक्षा मोठा असतो. जागा वाचवायला मारिओतला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. तीस वर्षं डोळ्यांसमोर होतं, कोणाला दिसलं? पहिला पडदा आठवा. मारिओ डावीकडं उभा, उजवीकडं मोकळी जागा, म्हणजे तिकडं जायचं हे न सांगता कळतं. समोरून एक तपकिरी प्राणी येतो. धडकलात तर मेलात, पुढच्या वेळी उडी मारता. वहीत एक ओळ न लिहिता, इंग्रजीचं एक अक्षर न येता, महालातल्या सात वर्षांच्या पोराला तो गेम दोन मिनिटांत नियम शिकवत होता. आमच्या किती मास्तरांना हे जमलं?

'डक हंट'ची बंदूक घ्या. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीतून काहीच सुटत नव्हतं, उलट तीच पडद्याकडं बघत होती. समोर उजेड दिसला की नेम लागला. म्हणूनच ती आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही, तिला पिक्चर ट्यूबच लागते. 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये, हा १९७८ चा, शत्रू मरत गेले की उरलेले जोरात धावतात. ती युक्ती कोणी आधी योजली नव्हती. पडद्यावर काढायला आकृत्या कमी उरल्या की मशीनच्या डोक्यावरचा भार हलका होऊन तेच वेगानं चालायचं. बनवणाऱ्यानं ते तसंच ठेवलं. तोंडी लावायला हे सांगत नाहीये. या वस्तूंमध्ये माणसांचं डोकं, कष्ट आणि मिस्कीलपणा होता. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरनं स्वतःच्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावून शूटिंग केलं आणि एकेक चित्र त्यावरून काढलं. तो गेम १९८९ चा. म्हणूनच कॉम्प्युटर क्लासच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावरही राजपुत्र काठाला लोंबकळला की आपल्या पोटात गोळा यायचा.

आणि 'टेट्रिस'. मॉस्कोतल्या सोव्हिएत विज्ञान अकादमीतल्या अलेक्सी पाजितनोव्हनं १९८४ साली केला. जगभर खपला, त्याला स्वतःला रॉयल्टी मिळायला १९९६ उजाडलं. लोक म्हणतात या गेमचं व्यसन लागतं, कारण तो संपत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या एका पोरानं निन्टेन्डोवरचा टेट्रिस इतका खेळला की शेवटी मशीनच गोठलं. माणूस तिथवर पोचण्याची ती पहिली वेळ. तोवर तीसहून जास्त वर्षं सगळे हरतच आले होते, कोणाचं शेत गेलं नाही.

आता वळू दुसऱ्या बाजूला.

नागपुरात किंवा विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याला 'व्हिडिओ गेम पार्लरवर छापा' अशी बातमी आली तर आत मारिओ नसतो, मुस्तफा नसतो. आत आकडे आणि चिन्हं फिरवणारी जुगाराची मशीनं असतात. पाटी व्हिडिओ गेमची, परवाना करमणुकीचा, धंदा मटक्याचा. हा प्रकार जुना आहे. व्हिडिओ गेमच्या दुकानांना परवाना लागेल की नाही हा वाद कर्नाटकातून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९५ साली एम. जे. शिवानी खटल्यात न्यायालयानं सांगितलं की सरकारला नियमन करता येईल. ठीकच. पण त्या पाटीमुळं काय झालं? खरी गेमची खोकी भंगारात गेली, 'व्हिडिओ गेम' हा शब्द मात्र जुगाऱ्यांच्या दारावर लटकत राहिला. पोलिसांनीही तोच वापरला, पेपरांनीही तोच छापला.

मोबाईलच्या जमान्यात हीच युक्ती सुटाबुटात आली. रमी हा कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालय १९६८ साली म्हणालं होतं. कंपन्यांनी ते वाक्य फ्रेम करून भिंतीवर लावलं आणि स्वतःला 'गेमिंग इंडस्ट्री' म्हणवून घेतलं. कौशल्याचाच खेळ असेल तर पैसे कशाला लावता रे बापा? 'स्ट्रीट फायटर'मध्ये र्‍यूचा आगीचा गोळा काढायला दांडा खाली-तिरपा-पुढं फिरवून त्याच क्षणी बटण दाबावं लागायचं. ते जमेपर्यंत बोटाला फोड यायचे. त्याला कौशल्य म्हणतात. त्या कौशल्याला कोणी बोनस दिला नाही आणि कोणी मागितलाही नाही.

तारखा बघा, मजा वाटेल. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं पबजीवर बंदी घातली. कारण दिलं देशाच्या सुरक्षेचं, माहिती चीनला जाण्याचं. घराघरात "सुटलो बापा" झालं. त्यानंतर सतरा दिवसांनी आयपीएल सुरू झाली आणि तिचा मुख्य प्रायोजक होता ड्रीम इलेव्हन, २२२ कोटी रुपये मोजून. पबजी ज्या टेन्सेंटमुळं चिनी ठरली, त्या टेन्सेंटची गुंतवणूक ड्रीम इलेव्हनच्या कंपनीतही होती. पण त्यावर कोणी थाळ्या वाजवल्या नाहीत. २०२३ ला ते नाव भारतीय संघाच्या छातीवर आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून सरकारनं पैशाच्या या खेळांवर २८ टक्के जीएसटी लावला, तोही लावलेल्या पूर्ण रकमेवर. म्हणजे रोग आहे हे माहीत होतं, पण औषध म्हणून गल्ल्यात वाटा मागितला.

आणि २०२३ चाच जुलै आठवा, नागपूरकरांनो. आपल्या एका व्यापाऱ्यानं ऑनलाइन जुगारात ५८ कोटी गमावल्याची तक्रार केली, पोलिसांनी गोंदियाच्या एका बुकीच्या घरावर छापा घातला, तर कोट्यवधींची रोकड मोजायला मशीन लागली आणि किलोनं सोनं निघालं. आठवडाभर पेपर त्यानं भरले. तो आकडा मोठा होता म्हणून. माझ्या ओळखीतला मानेवाड्याचा एक पोरगा, वसुलीचं काम करणारा, पंचवीस हजार पगार. एका अ‍ॅपवर पन्नास रुपयांच्या फुकट बोनसनं सुरुवात. पहिल्या आठवड्यात अकराशे जिंकला, मित्रांना सावजी खाऊ घातलं. दीड वर्षात तीन लाख चाळीस हजार गेले, त्यातले दोन लाख झटपट कर्जाच्या अ‍ॅपवाल्यांचे. त्यांनी त्याच्या सासऱ्याला, शाळेतल्या मास्तरला, सगळ्यांना फोन लावले. बायको माहेरी आहे. त्याची बातमी कुठंच नाही, कारण अशा बातमीला आकडा छोटा पडतो. त्याला मी विचारलं होतं, लहानपणी काय खेळायचास? म्हणाला, "रोड फायटर. पेट्रोल संपलं की गाडी बंद पडायची ना भाऊ, मग दुसऱ्याचा नंबर."

सत्ताधाऱ्यांचं तर विचारूच नका. जुलै २०२५ मध्ये राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात बसून मोबाईलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ फिरला. ते म्हणाले, खेळत नव्हतो, समोर आलेलं बंद करत होतो. धरू या तसंच. महिनाअखेर त्यांचं कृषी खातं गेलं आणि दिलं कोणतं? क्रीडा! माझ्यासारख्या माणसाला विनोद सुचायची गरजच राहिली नाही.

महिनाभरात केंद्रानं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० आणि २१ ऑगस्टला दोन्ही सभागृहांत, २२ ला राष्ट्रपतींची सही. सरकारी अंदाजच असा बाहेर आला की ४५ कोटी लोक वर्षाला सुमारे २० हजार कोटी या पैशाच्या खेळांत घालवतात. कायद्यानं पैसे लावायचे खेळ बंद केले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. कंपन्या कोर्टात गेल्या. जर्सीवरचं नाव उतरलं. या सरकारचं फारसं कौतुक माझ्या भिंतीवर तुम्हाला सापडणार नाही, पण या कायद्यानं एक काम चोख केलं: ई-स्पोर्ट्स वेगळे, साधे गेम वेगळे, पैशाचे खेळ वेगळे, असे तीन कप्पे लिहून दिले. संसदेला जे कळलं ते आमच्या वक्त्यांना अजून कळत नाही.

कारण गोंधळाची किंमत आहे. बाप जेव्हा म्हणतो "गेम म्हणजे गेमच, सगळे सारखे", तेव्हा तो पोराच्या मोबाईलमधलं बुद्धिबळही बंद करतो आणि स्वतः रात्री पांघरुणात फँटसी टीम लावतो, कारण ते म्हणे क्रिकेट आहे. आणि ज्या गेममध्ये पैसे 'लावत' नाहीत पण चमचमती पेटी उघडायला विकत घ्याव्या लागतात, आत काय निघेल ते नशिबावर, त्यांचं काय? बेल्जियमनं २०१८ मध्येच त्या पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडं नववीतला पोरगा वडिलांच्या यूपीआयवरून त्या उघडतोय. हे बघायला आधी गेम ओळखता यायला हवा. पोराच्या शेजारी बसून विचारावं लागतं: यात हरल्यावर काय होतं? पडदा सांगतो का की उठ, झालं? की पाकीट उघड म्हणतो?

राहिला प्रश्न करायचं काय. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं २०१२ सालीच पॅक-मॅन आणि टेट्रिस आपल्या संग्रहात घेतले, चित्रांच्या शेजारी. आपल्याकडं १८६३ पासूनचा अजब बंगला आहे, १९९२ पासूनचं रमण विज्ञान केंद्र आहे, शाळांच्या बसगाड्या तिथं येतच असतात. त्या केंद्रात एक खोली मागतोय आम्ही चार-पाच जण. एक मुस्तफाचं चालू खोकं, एक मारिओ, एक डक हंट, एक टेट्रिस. शेजारी ढग आणि झुडूप एकच कसं ते दाखवणारी पाटी मराठीत. पोरांनी खेळावं, मग मागून उघडलेलं मशीन बघावं. राज्यानं गेम आणि अ‍ॅनिमेशनच्या उद्योगासाठी धोरण मंजूर केलंय म्हणतात ना, मग त्या उद्योगात जाणारं पोट्टं नागपुरात कुठं बसून शिकणार ते तरी सांगा.

निवेदन तयार आहे, पुढच्या आठवड्यात देतोय. कोणाच्या माळ्यावर चालू स्थितीतला सामुराई किंवा लिटल मास्टर पडला असेल तर मला मेसेज टाका, मी येऊन घेऊन जातो. बंदूक असेल तर सोबत पिक्चर ट्यूबचा टीव्हीही लागेल. इतवारीच्या भंगारवाल्याकडं दोन आहेत म्हणे, पण तो एकाचे आठशे मागतोय.